दात्याची अस्थिमज्जा : प्रत्यारोपण झाल्यावर पुढे काय?



दरवेळी या पानावर आम्ही परीक्षा, निकाल आणि स्नेहसंमेलन यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. आपल्या शाळेतील एक विद्यार्थी जवळजवळ दीड वर्षाच्या खंडानंतर वर्गात परत येत आहे. त्याच्यावर दात्याच्या रक्तपेशींचे प्रत्यारोपण झाले. दाता म्हणजे त्याचीच धाकटी बहीण, तीही आपल्याच शाळेत शिकते. त्याच्या आईवडिलांशी बोलून आणि त्यांची परवानगी घेऊन आम्ही हे लिहीत आहोत. नाव, इयत्ता आणि आजार लिहिण्याचे कारण नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी विचारू नये.

लिहिण्याचे कारण असे की गेल्या महिन्यात पालक सभेनंतर आमच्याकडे बरेच प्रश्न आले. हा आजार आमच्या मुलांना लागेल का? तो मास्क का लावतो? बहिणीने 'हाडातले' दिले, तर ती आता कायमची अशक्त झाली का? आणि आपल्याच एका ज्येष्ठ विश्वस्तांनी अगदी मोकळेपणाने विचारले, "सर, ऑपरेशन झाले, मूल बरे झाले, मग अजून एवढी बंधने कशाला?" हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका शब्दात देता येते : नाही. त्याच्यापासून कोणाला काहीही लागत नाही. धोका उलट्या दिशेने आहे, आपल्यापासून त्याला.

मज्जा म्हणजे काय

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिथे 'अस्थि-मज्जा' हा शब्द पाठ्यपुस्तकात गंभीरपणे यायचा. इथे वर्गात 'मज्जा' म्हटले की मुले खुदकन हसतात. हसू द्या. ज्यांच्या घरी रविवारी मटण शिजते त्यांना नळीतला मगज माहीत आहे. तोच हा पदार्थ. आपल्या कमरेच्या, छातीच्या आणि पाठीच्या हाडांत लाल मज्जा असते. तिच्यात मूळ पेशी राहतात, आणि या मूळ पेशींपासून रक्तातील सगळ्या पेशी रोज नव्याने तयार होतात : प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका.

हा कारखाना बिघडला की मोठे आजार होतात. रक्ताच्या कर्करोगात बिघडलेल्या पेशींचा सुळसुळाट होतो. अप्लास्टिक अॅनिमियात कारखाना जवळजवळ बंद पडतो. थॅलेसेमियात तांबड्या पेशी जन्मतःच सदोष बनतात आणि मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. अशा वेळी जुना कारखाना औषधांनी, कधी किरणांनी, पूर्ण रिकामा करायचा आणि दुसऱ्या माणसाच्या मूळ पेशी तिथे वसवायच्या, याला प्रत्यारोपण म्हणतात.

ऐकायला मोठे ऑपरेशन वाटते. प्रत्यक्षात रुग्णासाठी त्या दिवशी कापाकापी काहीच नसते. रक्ताच्या पिशवीसारखी एक पिशवी टांगतात आणि पेशी शिरेतून आत जातात. तिथून त्या आपल्या आपण हाडांपर्यंत पोहोचतात. डॉक्टर त्या दिवसाला 'शून्य दिवस' म्हणतात आणि तिथून पुढे दिवस मोजतात. खरी लढाई त्या दिवसानंतर सुरू होते.

मुंबईत, १९८३ साली

आपल्या देशात दात्याच्या मज्जेचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये झाले. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी. तिला रक्ताचा तीव्र कर्करोग होता आणि मज्जा तिच्या भावंडाची होती. हे करणारे डॉक्टर म्हणजे सुरेश अडवाणी.

डॉ. अडवाणी यांच्याविषयी मुलांना थोडे सांगितलेच पाहिजे. त्यांचा जन्म १९४७ सालचा, कराचीचा. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि पाय गेले. वैद्यकीय शिक्षणाचा अर्ज केला तेव्हा अपंगत्वामुळे आधी नकार मिळाला. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळवला. पुढे ते अमेरिकेत सिएटल शहरी जाऊन डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे हे तंत्र शिकून आले. चाकाच्या खुर्चीवरून वॉर्डात फिरणाऱ्या या डॉक्टरांना २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

त्या काळी मुंबईत हे करणे किती धाडसाचे होते ते समजण्यासाठी सिएटलची गोष्ट बघावी लागते. डॉ. थॉमस यांनी १९५७ साली माणसांवर केलेले पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. रुग्ण सहा होते आणि त्यांपैकी एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. पुढची दहा वर्षे जगभर अपयशाचीच गेली आणि बहुतेक डॉक्टरांनी हा नाद सोडून दिला. दाता आणि रुग्ण यांच्या पेशी जुळतात की नाही हे ओळखण्याची रीत तेव्हा हाती नव्हती. पांढऱ्या पेशींवरील या खुणांचा शोध फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ साली लावला, पण त्या नीट तपासता येऊ लागण्यात आणखी बरीच वर्षे गेली. १९६८ साली मिनिआपोलिसमध्ये डॉ. रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्तीच नसलेल्या एका बाळाला बहिणीची जुळणारी मज्जा दिली आणि ते बाळ जगले.

मग १९७७ साल. सिएटलच्या मंडळींनी शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. या शंभरांचा कर्करोग शेवटच्या अवस्थेत होता आणि दुसरा कोणताही उपाय उरला नव्हता. त्यांतील १३ जण रोगमुक्त राहून जगले. शंभरात तेरा! आपल्या परीक्षेत हा आकडा नापासाचा. पण ज्यांचे शंभरच्या शंभर जाणार होते, त्यांच्यातले तेरा परत आले. या तेरांमुळे एक गोष्ट कळली. रोग आटोक्यात असतानाच, लवकर प्रत्यारोपण केले तर आकडा बराच सुधारतो. तसे केल्यावर तो निम्म्याच्या आसपास गेला. डॉ. थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईनंतर १९८६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे काम सुरू झाले. टाटाचे प्रत्यारोपण केंद्र आज नवी मुंबईत खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये आहे. आपल्याकडची कुटुंबे बहुधा बंगळूर, वेल्लोर किंवा मुंबई गाठतात. हुबळीहून रात्रीची गाडी, परक्या शहरात काही महिने भाड्याची खोली, एका पालकाची नोकरी किंवा दुकान बंद. हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही.

दाता कोण होऊ शकतो

या खुणांना एचएलए म्हणतात. रक्तगटाशी त्यांचा संबंध नाही. प्रत्येक मूल आईकडून एक संच आणि वडिलांकडून एक संच घेते. त्यामुळे भावंडांत चार प्रकारच्या जोड्या संभवतात आणि एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. नववी-दहावीच्या मुलांनी पुढचे गणित करून बघावे : दोन भावंडे असतील तर त्यांपैकी निदान एक जुळण्याची शक्यता किती? उत्तर सुमारे ४४ टक्के. तीन असतील तर ५८. पूर्वीच्या घरांत सहा-सात भावंडे असत, आता एक किंवा दोन. कुटुंब लहान झाले आणि दाता मिळणे अवघड झाले.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत इथल्या पुष्कळ घरांत आहे, आणि कन्नड शेजाऱ्यांत मामा-भाचीचेही संबंध होतात. अशा कुटुंबांत एचएलएचे संच पुन्हा पुन्हा एकत्र येतात, म्हणून कधी कधी आई-वडील, काका किंवा चुलत भावंडेही पूर्ण जुळतात. डॉक्टर अशा घरांत मोठ्या नातेवाईक वर्तुळाची तपासणी करतात. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. थॅलेसेमियासारखे जे आजार दोन्हीकडून सदोष गुण आला तरच होतात, ते अशा लग्नांत जास्त दिसतात. जवळच्या नात्यात लग्न ठरत असेल तर आधी दोघांची रक्ततपासणी करून घ्यावी, ही आमची सर्व पालकांना कळकळीची विनंती आहे.

भावंड जुळले नाही तर नोंदणी केलेले अनोळखी दाते असतात. लंडनमध्ये शर्ली नोलन या आईने आपल्या अँथनी या मुलासाठी १९७४ साली जगातली अशी पहिली नोंदवही सुरू केली. अँथनीला दाता मिळाला नाही, तो १९७९ साली गेला. नोंदवही राहिली आणि तिच्यातून हजारोंना दाते मिळाले. आपल्या देशात चेन्नईची 'दात्री' ही संस्था २००९ पासून आणि बंगळूरची डीकेएमएस ही संस्था हे काम करते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, बस्स. अठरा वर्षांखालील मुलांची नोंद होत नाही, पण आपल्या माजी विद्यार्थ्यांची होऊ शकते. भारतीय रुग्णाला भारतीय वंशाचा दाता जुळण्याची शक्यता जास्त असते, आणि आपल्या लोकसंख्येच्या मानाने नोंदणी फारच थोडी आहे. नोंदणी करून ऐन वेळी 'नको' म्हणणारेही पुष्कळ असतात. आमचे मत स्पष्ट आहे : घरी विचारून, पक्के ठरवूनच नोंद करावी. तोपर्यंत रुग्णाची जुनी मज्जा औषधांनी संपवायला घेतली असेल, तर दात्याचा नकार म्हणजे मृत्यू.

अलीकडे अर्धा जुळणारा दाताही चालतो. आई किंवा वडील अर्धे जुळतातच. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड नावाचे औषध देण्याची रीत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे विकसित झाली आणि हा दरवाजा उघडला.

आता बहिणीविषयी. दात्याच्या पेशी दोन प्रकारे काढतात. एक, भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा घेतात. दुसरा, चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूळ पेशी रक्तात आणतात आणि यंत्रातून काही तासांत गाळून घेतात. लहान मुलांकडून त्यांच्या वजनाच्या हिशेबानेच घेतात. कंबर काही दिवस दुखते, थोडा थकवा येतो. घेतलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. ती मुलगी आज इतर मुलींइतकीच निरोगी आहे, खो-खोमध्ये धावते. तिला कोणी बिचारी म्हणू नये. तिला 'तूच दादाला वाचवलेस' असेही रोज म्हणू नये, हे जरा समजावून सांगतो. दादाला उद्या ताप आला, पुन्हा भरती व्हावे लागले, तर त्या लहान जिवाला वाटते की माझेच रक्त वाईट होते. दाता भावंडांच्या मनावर हे ओझे राहते, हे डॉक्टरांनी जगभर पाहिले आहे. तिने जे द्यायचे ते दिले. पुढचे तिच्या हातात नाही.

पहिले शंभर दिवस

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येतो.

नवी मज्जा रुजायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर रुग्णाजवळ पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य असतात. तोंड आणि घसा सोलल्यासारखा होतो, पाणी गिळतानाही मूल रडते. केस जातात. जुलाब होतात. कधी यकृतातल्या बारीक शिरा बंद होऊन पोट फुगते. आपल्या आतड्यात आणि कातडीवर नेहमी राहणारे साधे जंतूही अशा वेळी जीवघेणे ठरतात. म्हणून गाळलेल्या हवेची वेगळी खोली, शिजवलेले गरम अन्न, आणि आई सोडून कोणी आत नाही. नातेवाईक फळांच्या करंड्या घेऊन येतात आणि दारातून परत पाठवले की रागावतात. कृपया रागावू नये.

मग एक दिवस तपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा पाचशेच्या वर जातो. सलग तीन दिवस तो टिकला की मज्जा रुजली म्हणतात. घरच्यांना तो दिवस दिवाळीचा वाटतो. पण जंतूंचा धोका संपत नाही, फक्त जंतू बदलतात. पहिल्या महिन्यात जिवाणू आणि बुरशी. नंतर सीएमव्ही नावाचा विषाणू, जो आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून गुपचूप झोपलेला असतो आणि प्रतिकारशक्ती नसली की जागा होतो. आपल्या देशात क्षयाचीही भीती. पुढे काही महिन्यांनी न्यूमोनियाचे जंतू आणि नागीण. धारवाडच्या पावसाळ्यात भिंतींना जी ओल आणि काळी बुरशी येते, किंवा रस्ता खणताना जी धूळ उडते, ती आपल्याला खोकल्यापलीकडे काही करत नाही. या मुलांच्या फुफ्फुसात तीच बुरशी घर करू शकते. म्हणून सुट्टीत त्या वर्गाची गळती आधी दुरुस्त करून घेतली. खर्च मंजूर करणाऱ्या विश्वस्तांचे आभार.

पाहुणा आणि यजमान

सर्वांत विचित्र गुंतागुंत याच्याही पुढची आहे. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात शरीर बाहेरच्या अवयवाला परका समजून हल्ला करते. इथे उलटे होते. नव्या मज्जेबरोबर दात्याच्या लढाऊ पेशी येतात, आणि त्या रुग्णाच्या सगळ्या शरीरालाच परके समजू शकतात. पाहुणा घरात येतो आणि यजमानावरच हात उचलतो. याला ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज, थोडक्यात जीव्हीएचडी म्हणतात.

तो दोन रूपांत येतो. तीव्र रूप बहुधा पहिल्या शंभर दिवसांत : तळहात-तळपायांवर लाल पुरळ, पाण्यासारखे जुलाब, कावीळ. पूर्ण जुळणारे भावंड दाता असूनही तीनांतल्या एकाला, कधी त्याहून जास्तांना हा त्रास थोडाफार होतो. बहुतेकांत तो सौम्य असतो, थोड्यांत प्राणघातक. दुसरे रूप दीर्घकालीन. त्यात डोळे कोरडे पडतात, तोंडात पांढरे चट्टे येऊन तिखट सोसवत नाही, कातडी जाड आणि ताठ होते, सांधे आखडतात, काहींच्या फुफ्फुसांवर परिणाम होतो. ते वर्षानुवर्षे चालू शकते.

हा हल्ला रोखण्यासाठी नव्या प्रतिकारशक्तीला औषधांनी दाबून ठेवतात. सायक्लोस्पोरीन हे त्यातले जुने औषध, नॉर्वेतल्या मातीच्या एका नमुन्यात सापडलेल्या बुरशीपासून मिळालेले. १९८६ पासून ते मेथोट्रेक्सेटच्या जोडीने वापरतात. रोग उफाळला तर स्टेरॉइड. त्यानेही आवरले नाही तर रुक्सोलिटिनिब, ज्याला अमेरिकेत २०१९ साली तीव्र रूपासाठी आणि २०२१ साली दीर्घ रूपासाठी मान्यता मिळाली. पण प्रतिकारशक्ती दाबली की जंतू वरचढ होतात. सैल सोडली की जीव्हीएचडी. डॉक्टरांची कसरत या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवरून चालू असते, आणि म्हणूनच 'ऑपरेशन झाले, आता बंधने कशाला' याचे उत्तर 'खरे औषधपाणी आत्ताच चालू आहे' असे आहे.

यात एक गंमतही आहे. ज्यांना थोडा जीव्हीएचडी होतो, त्यांचा रक्ताचा कर्करोग उलटण्याचे प्रमाण कमी असते. जुळ्या, हुबेहूब भावाची मज्जा दिली तर जीव्हीएचडी जवळजवळ होत नाही, पण कर्करोग जास्त वेळा परत येतो. म्हणजे तोच रागीट पाहुणा घरात लपलेल्या चोरालाही शोधून मारतो. १९९० च्या सुमारास म्युनिकच्या डॉ. कोल्ब यांनी रोग उलटलेल्या रुग्णांना त्याच दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हा देऊन रोग परतवून दाखवला. थॅलेसेमिया किंवा अप्लास्टिक अॅनिमियात मारायला चोरच नसतो, म्हणून तिथे जीव्हीएचडीचा काहीच फायदा नाही, नुसते नुकसान.

किती जण जगतात

पालक हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. आम्ही मोकळेपणाने लिहितो, कारण न लिहिल्याने भीती वाढते.

एकच आकडा सर्वांना लागू नाही. आजार कोणता, वय काय, दाता कसा आणि प्रत्यारोपण किती लवकर झाले, यावर सर्व अवलंबून. इटलीतील पेझारो शहराच्या डॉ. लुकारेल्ली यांनी १९९० साली थॅलेसेमियाच्या २२२ मुलांचा हिशेब दिला. ज्यांचे यकृत चांगले होते आणि शरीरातले जादा लोह काढण्याची औषधे ज्यांनी नियमित घेतली होती, त्यांच्यातील ९४ टक्के जगले. ज्यांचे यकृत सुजलेले, खराब झालेले आणि औषधे अनियमित, त्यांच्यात ६१ टक्के. शस्त्र तेच, डॉक्टर तेच. फरक आधीच्या वर्षांतल्या काळजीचा. आज हे आकडे याहून चांगले आहेत. अप्लास्टिक अॅनिमियाच्या लहान मुलांत भावंड जुळत असेल तर दहांतील आठ-नऊ मुले वाचतात. रक्ताच्या कर्करोगात रोग आटोक्यात असताना केले तर साधारण निम्मे किंवा अधिक. रोग उफाळलेला असताना केले तर बरेच कमी.

काळाबरोबर सुधारणा झाली हे नक्की. सिएटलच्याच केंद्राने १९९३-९७ आणि २००३-०७ या दोन काळांची तुलना २०१० साली प्रसिद्ध केली. पहिल्या दोनशे दिवसांत उपचारांच्या गुंतागुंतीने होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झाला होता.

आणि ज्यांनी पहिली दोन वर्षे पार केली त्यांचे काय? २०११ साली दहा हजारांहून अधिक अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, जे प्रत्यारोपणानंतर दोन वर्षे रोगमुक्त होते. त्यांतील सुमारे ८५ टक्के दहाव्या वर्षी जिवंत होते. दोन वर्षांचा हा टप्पा मोठा आहे. आपल्या विद्यार्थ्याचे अजून सहा महिने बाकी आहेत.

पुढेही तपासण्या सुटत नाहीत. किरणे दिली असतील तर मोतीबिंदू होऊ शकतो, उंची कमी भरते, थायरॉइड मंदावते. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, खुब्याचे हाड झिजते. मोठेपणी मूल होण्यात अडचण येऊ शकते. अनेक वर्षांनी दुसरा कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त राहतो. म्हणून दरवर्षी तपासणी.

पैशांविषयी थोडक्यात. खर्च लाखांत जातो आणि गुंतागुंत झाली की दुप्पट होतो. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून 'थॅलेसेमिया बाल सेवा योजना' आहे, तिच्यात ठरलेल्या रुग्णालयांत दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. पुढे अप्लास्टिक अॅनिमियाही तिच्यात घेतला गेला. कोणत्याही घरावर अशी वेळ आली तर आधी रुग्णालयातील समाजसेवकांना भेटावे, दागिने नंतर मोडावेत.

शाळेत काय करायचे

जुनी मज्जा गेली तशी लहानपणी घेतलेल्या लसींची आठवणही गेली. त्या सगळ्या पुन्हा द्याव्या लागतात. निर्जीव लसी सहा महिने ते वर्षानंतर सुरू होतात. गोवर, गालगुंड, कांजिण्या यांच्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत देत नाहीत, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असेपर्यंत तर नाहीच. पोलिओचे थेंबही त्याला चालत नाहीत. म्हणजे या घडीला त्याला गोवर आणि कांजिण्यांपासून वाचवणारे एकच कवच आहे : त्याच्या बाजूला बसणारी, लस घेतलेली मुले.

म्हणून पालकांना सांगणे आहे की आपल्या मुलांच्या लसींचे कार्ड तपासावे आणि राहिलेली लस घ्यावी. ताप, खोकला, अंगावर पुरळ असेल तर मुलाला शाळेत पाठवू नये. हजेरीचे गुण कापले जाणार नाहीत, आम्ही लिहून देतो. घरात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी वर्गशिक्षकांना फोन करावा, रात्र झाली असली तरी. संपर्क लगेच कळला तर डॉक्टर पहिल्या काही दिवसांत औषध देऊन आजार टाळू शकतात. आठवड्याने कळून उपयोग नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी. त्याचा चेहरा पूर्वीपेक्षा गोल दिसेल, तो स्टेरॉइडमुळे. हातांवर लव वाढलेली दिसेल, तीही औषधामुळे. कातडीचा त्रास उन्हाने वाढतो, म्हणून प्रार्थनेला आणि झेंडावंदनाला तो सावलीत उभा राहील, ती सवलत नाही, औषधच समजा. गाड्यावरचे गिरमिट, कापलेली फळे, कच्ची काकडी त्याला देऊ नका, कितीही मागितली तरी. घरच्या डब्यातली गरम भाकरी-भाजी तो खातो. त्याची पाण्याची बाटली कोणी तोंडाला लावायची नाही. बाकी कॅरम, बुद्धिबळ, अभ्यासाच्या वह्या आणि भांडणे पूर्वीसारखी चालू द्या. दीड वर्ष त्याच्याशी कोणी भांडलेले नाही, हे त्याने स्वतःच आम्हाला सांगितले.

कार्यालयासाठी एक गोष्ट उरली. आपल्या ओळखपत्रावर रक्तगट छापतो. प्रत्यारोपणानंतर रुग्णाचा रक्तगट हळूहळू दात्याचा होतो. त्याचा आणि बहिणीचा गट वेगळा होता, त्यामुळे जुन्या नोंदवहीतला गट आता चुकीचा आहे. शिवाय त्याला रक्त लागलेच तर ते किरणांतून काढलेले असावे लागते. म्हणून नव्या ओळखपत्रावर ती जागा आम्ही कोरी ठेवली आहे आणि मागच्या बाजूला त्याच्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक छापला आहे.